दोन घड्याळं

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावरचं कॉसमॉस सहकारी बँकेचं मुख्यालय शांत होतं. त्याच वेळी २८ देशांतल्या एटीएमसमोर अनोळखी माणसं उभी राहिली, त्यांनी खिशातून कार्डं काढली आणि यंत्रांनी मुकाट्याने नोटा मोजून दिल्या. बारा हजारांहून अधिक व्यवहार झाले, सुमारे ७८ कोटी रुपये बाहेर पडले. भारतातही, कोल्हापूरसह काही ठिकाणी, २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी काढले गेले. सोमवारी १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेला तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रकमेचा फटका बसला. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभरातल्या बँकांना अशाच हल्ल्याचा गोपनीय इशारा दिला होता.

हे जमलं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या संगणकी दुव्यातून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो आणि उत्तर आलं की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात घुसून मध्ये खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो परस्पर ‘द्या’ म्हणत गेला. खरा प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून ग्राहकांच्या खात्यातून रुपयाही वजा झाला नाही. तोटा बँकेचा झाला. पैसे काढणाऱ्या साखळीतल्या ११ जणांना एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने या हल्ल्यामागे उत्तर कोरियाचा हात असल्याचं नोंदवलं.

असे दरोडे क्वचित पडतात. पण त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. हल्लेखोरांनी मुहूर्त निवडला तो सुट्टीचा, म्हणजे बँकेला जाग यायला उशीर लागेल असा. कार्डाच्या फसवणुकीत चोराची खरी कमाई मधल्या वेळात होते. पैसे गेल्यापासून ते कोणाच्या तरी लक्षात येऊन दार बंद होईपर्यंतचा तो वेळ असतो. तुमच्या-माझ्या खात्याच्या बाबतीतही हेच खरं आहे. तिथे दोन घड्याळं चालू असतात. चोराचं घड्याळ मिनिटांवर चालतं, कायद्याचं कामकाजाच्या दिवसांवर. दोन्ही कशी चालतात हे कळलं, तर गेलेला पैसा परत येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पट्टी, चिप आणि मागचे तीन आकडे

आधी चोर काय चोरतो ते पाहू. कार्डाच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असते. तिच्यात कार्डाचा क्रमांक, मुदत आणि एक सांकेतिक आकडा कायमचा लिहिलेला असतो. आज वाचा, उद्या वाचा, मजकूर तोच. त्यामुळे जे यंत्र ती वाचू शकतं, ते तिची नक्कलही करू शकतं. एटीएमच्या खाचेवर बेमालूम बसवलेला ‘स्किमर’ पट्टी वाचून घेतो, वर लपवलेला बारीक कॅमेरा पिन दाबणारी तुमची बोटं टिपतो आणि कोऱ्या कार्डावर तुमचं जुळं कार्ड तयार होतं. कार्ड मात्र तुमच्या खिशातच असतं, म्हणून मोबाइलवर संदेश येईपर्यंत काही कळत नाही.

२०१६ साली भारतात सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचा संशय आला, तेव्हा या पट्टीची मर्यादा सगळ्यांना कळली. एटीएम व्यवहार हाताळणाऱ्या एका कंपनीच्या प्रणालीत घातक प्रोग्राम शिरला होता. एकट्या स्टेट बँकेला सुमारे सहा लाख कार्डं बाद करून नवी द्यावी लागली. पुढे रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८पर्यंत सगळी पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला सांगितलं. सोनेरी चौकोनासारखी दिसणारी ही चिप म्हणजे छोटा संगणकच असतो. ती प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते. कोणी तो पकडला तरी पुढच्या व्यवहाराला त्याचा उपयोग नसतो. पण जुन्या यंत्रांसाठी कार्डावर पट्टी अजून ठेवलेली असते आणि नकलेचा धोका तिथेच उरतो.

कार्डाच्या मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्ही. हे तीन आकडे पट्टीतही नसतात आणि चिपमध्येही नसतात, फक्त कार्डावर छापलेले असतात. ऑनलाइन खरेदी करणाऱ्याच्या हातात खरंच कार्ड आहे, याचा पुरावा म्हणून ते आले. म्हणून ‘कार्डाचा पुढचा-मागचा फोटो पाठवा’ असं कोणी म्हणालं, तर तो नेमका हाच पुरावा मागतो आहे असं समजा. हॉटेलात वेटरने कार्ड आत नेलं, तर दोन मिनिटांत तो फोटो निघू शकतो. कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही, हा नियम म्हणूनच जुना असला तरी लागू आहे.

भारतात ऑनलाइन व्यवहाराला कार्डाच्या माहितीपलीकडे आणखी एक पुरावा लागतो. २००९पासून रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा केला आणि त्यातूनच ओटीपी घराघरात पोहोचला. ऑक्टोबर २०२२पासून दुकानदार संकेतस्थळांना तुमचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरताच चालणारा ‘टोकन’ क्रमांक वापरला जातो, म्हणजे दुकानाची माहिती फुटली तरी चोराच्या हाती टोकनच लागतो. या दोन्ही तटबंद्या चांगल्या आहेत, पण अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताही व्यवहार होतो. क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर तिथे काम भागतं.

कार्ड क्रमांक चोरावाच लागतो असंही नाही. पहिले सहा ते आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात, शेवटचा आकडा एका ठरावीक गणिती सूत्राने येतो. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकात ते सूत्र मांडलं. उद्देश होता आकडे लिहिताना झालेली चूक पकडण्याचा. पण त्याच सूत्राने मधले आकडे बदलत बदलत हजारो संभाव्य क्रमांक संगणकावर बनवता येतात आणि त्यांतला कुठला चालतो हे बघायला चोर एक-दोन रुपयांचे व्यवहार करून पाहतात. तुमच्या विवरणात न ओळखता येणारा दोन रुपयांचा व्यवहार दिसला, तर ‘दोनच रुपये तर आहेत’ म्हणून सोडू नका. तो मोठ्या चोरीआधीचा अंदाज असू शकतो.

चोराने दार बदललं

चिप आली, ओटीपी आला आणि यंत्राला फसवणं अवघड झालं. मग चोरांनी माणसाला फसवायला सुरुवात केली. झारखंडमधल्या जामताडा जिल्ह्याचं नाव याच धंद्यामुळे देशभर झालं. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे’ असं सांगून ओटीपी काढून घेणाऱ्या तरुणांच्या टोळ्या तिथल्या करमाटांडसारख्या भागांतून चालायच्या.  

आता पद्धती पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचा सांगाडा एकच. आधी घाई किंवा भीती, मग एखादी कृती. ‘बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा महावितरणच्या नावाने फिरणारा संदेश महाराष्ट्रात लाखोंनी पाहिला असेल. त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन केला की ‘दहा रुपये भरा’ म्हणून एक ॲप उतरवायला सांगतात. ते ॲप तुमची स्क्रीन चोराला दाखवतं. वाहतूक चलान, लग्नपत्रिका, केवायसी, क्रेडिट कार्डाचे संपत आलेले पॉइंट अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फायली आणखी पुढे जातात. त्या बसवताना ‘एसएमएस वाचू द्या’ अशी परवानगी मागतात. ती दिली की ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोहोचतो. तुम्ही कोणाला काही सांगितलं नाही, असं तुम्ही खरं बोलत असता आणि तरीही पैसे गेलेले असतात.

गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधणाऱ्यांची वेगळीच फसगत होते. परतावा अडकला, गॅस आला नाही, रेल्वेचं तिकीट रद्द करायचंय, म्हणून आपणच क्रमांक शोधतो आणि पहिल्या निकालात चोराने पेरलेला क्रमांक मिळतो. फोन आपण केलेला असल्यामुळे समोरच्यावर संशय येत नाही. उपाय एकच, क्रमांक कार्डाच्या मागून, पासबुकवरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यायचा. बँका आता आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेत आहेत आणि त्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

सिम अदलाबदलीत तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं जातं. खूण सोपी आहे: भर वस्तीत फोनची रेंज अचानक पूर्ण जाते आणि परत येत नाही. ‘टॉवरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून रात्र काढू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि मग बँकेला विचारा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर पाहता येतं.

यूपीआयबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. जुनं फर्निचर विकताना ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा ग्राहक कितीही गोड बोलत असला तरी तो ग्राहक नाही.

पैसा जातो कुठे?

चोर स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही. तो घेतो ‘म्यूल’ खात्यात. कोणा विद्यार्थ्याला, मजुराला किंवा बेरोजगाराला थोडे हजार रुपये देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम विकत किंवा भाड्याने घेतलेलं असतं. तुमचे एक लाख रुपये अशा खात्यात पडले की ते फुटतात. वीस हजार इकडे, तीस तिकडे, तिथून आणखी चार-पाच खात्यांत, मग कुठल्या तरी गावातल्या एटीएममधून रोख, दागिन्यांची खरेदी किंवा आभासी चलन. हा प्रवास काही मिनिटांतही होतो. पैसा खात्यांमध्ये फिरतोय तोपर्यंत तो अडवता येतो. रोख झाला की तो शोधायचा म्हणजे माणूस शोधायचा, आणि त्याला महिने लागतात.

म्यूल खात्याबद्दल घरातल्या तरुणांशी जरूर बोला. ‘तुझं खातं महिनाभर वापरू दे, कमिशन देतो’ हा प्रस्ताव निरुपद्रवी वाटतो, पण पोलीस सर्वांत आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात. खातं गोठतं, आरोपी म्हणून नाव येतं आणि ‘मला काय माहीत’ हे उत्तर फार दूर नेत नाही.

याच मिनिटांच्या शर्यतीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची, म्हणजे ‘आयफोरसी’ची, यंत्रणा त्यामागे आहे. २०२१मध्ये ती १५५२६० या क्रमांकावर सुरू झाली, पुढे क्रमांक १९३० झाला. तुम्ही तक्रार नोंदवली की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे जिथे गेले त्या बँकेकडे एकाच प्रणालीतून पोहोचते. तिथे पैसे शिल्लक असतील तर त्यावर ‘होल्ड’ लागतो. पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. पोलिसांच्या भाषेत हा ‘गोल्डन अवर’. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते, पण पैसे नुकतेच गेले असतील तर आधी फोन.

अडवलेली रक्कम लगेच तुमच्या खात्यात येते असं नाही. ती परत मिळवायला बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो आणि थोडा पाठपुरावाही. तरी अडवलेला पैसा हा निदान सापडलेला पैसा असतो.

कायद्याचं घड्याळ

आता दुसरं घड्याळ. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचा नियम घालून दिला. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. त्याची मांडणी तीन प्रश्नांत होते.

पहिला प्रश्न: चूक कोणाची? बँकेच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने कळवलं असो वा नसो. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. म्हणजे चूक तुमची असली तरी फोन जितका लवकर, तितकं नुकसान कमी.

दुसरा प्रश्न: दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, यंत्रणेत कुठेतरी तिसऱ्याने भगदाड पाडलं, तर? इथे दिवस मोजले जातात. बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं: मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये, साध्या बचत खात्यासाठी आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी १०,००० रुपये, त्याहून मोठ्या क्रेडिट कार्डासाठी २५,००० रुपये, किंवा गेलेली रक्कम, दोन्हींत जे कमी असेल ते. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही आणि तुमच्या शाखेच्या सुट्ट्याही धरायच्या नाहीत.

तिसरा प्रश्न: सिद्ध कोणी करायचं? याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची. क्रेडिट कार्डावरचा व्यवहार ‘फसवणुकीचा’ म्हणून तुम्ही नाकारला असेल, तर वाद मिटेपर्यंत त्यावर कुठलंही शुल्क लावता येत नाही. हे नियम रिझर्व्ह बँक वेळोवेळी सुधारते, म्हणून आपल्या बँकेच्या संकेतस्थळावरचं ‘ग्राहक संरक्षण धोरण’ एकदा उघडून पाहा.

न्यायालयांनी हा नियम नुसता कागदावर राहू दिलेला नाही. जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२मध्ये त्या खात्यात परस्पर नवे लाभार्थी जोडून पैसे वळवले गेले होते. कंपनीचा दोष दिसत नाही, म्हणून तिची जबाबदारी शून्य, असं न्यायालयाने २०१७च्या नियमाच्या आधारे ठरवलं. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात आसाममधल्या एका ग्राहकाचं प्रकरण आलं. खरेदी परत करताना खोट्या ग्राहक सेवेच्या सांगण्यावरून त्याने ॲप उतरवलं आणि ९४,२०४ रुपये गेले. व्यवहार अनधिकृत होते, ग्राहकाने २४ तासांच्या आत कळवलं होतं आणि असे व्यवहार ओळखायचं तंत्रज्ञान बँकेकडे आहे, असं सांगून न्यायालयाने स्टेट बँकेची जबाबदारी कायम ठेवली. रक्कम लहान होती, पण चोवीस तासांच्या आत केलेली तक्रारच त्याची बाजू भक्कम करून गेली.

या नियमाचा उलटा अर्थ मात्र काढू नका. ‘तीन दिवस आहेत, सोमवारी शाखेत जाऊन बघू’ म्हणणारा माणूस कायद्याच्या घड्याळात वेळेवर असतो आणि चोराच्या घड्याळात फार उशिरा. तीन दिवस तुमची जबाबदारी ठरवतात. पैसा अडवायला मिळतो तो तासच.

त्या तासात काय करायचं

फोनमध्ये एपीके किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप बसलं असेल, तर आधी तो फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. पुढचं सगळं घरातल्या दुसऱ्या फोनवरून करा.

१. बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. तो क्रमांक हीच कळवल्याची नोंद असते.

२. लगेच १९३० लावा. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख-वेळ, आणि बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक, म्हणजे यूटीआर. क्रमांक व्यग्र लागला तर लावत राहा, तोवर दुसऱ्याने पोर्टल उघडावं.

३. संदेश, कॉलची नोंद, चॅट, लिंक, काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या. राग आला तरी चोराशी वाद घालू नका.

४. त्याच दिवशी बँकेला ईमेल किंवा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर साधा ठेवा: हे व्यवहार मी केलेले नाहीत, अमुक वेळी मी कळवलं, अमुक तक्रार क्रमांक मिळाला. घाबरून ‘माझीच चूक झाली’ असं लिहून मोकळे होऊ नका. जे घडलं तेवढंच लिहा.

५. पोलीस ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याचीही माहिती नोंदवता येते.

६. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पुढच्या काही आठवड्यांत ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा’ असा फोन येण्याची शक्यता धरून चाला. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरी फसवणूक त्यांनाच गाठते.

आज संध्याकाळी करता येण्याजोगं

सर्वांत उपयोगी सोय तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये आधीच आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून प्रत्येक कार्डाला व्यवहारांच्या प्रकारानुसार चालू-बंदची बटणं आणि मर्यादा ठरवण्याची सोय देणं बँकांना सक्तीचं आहे. परदेशी व्यवहार बंद ठेवा; ओटीपीविना होणाऱ्या चोरीचा मोठा रस्ता त्याने बुजतो. नातवंडांना भेटायला अमेरिकेला निघालात की चालू करा, परतलात की बंद करा. एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा. कार्ड नुसतं टेकवून, पिनशिवाय, पाच हजारांपर्यंत व्यवहार होतो. ते नको असेल तर तेही बटण बंद करता येतं.

खात्यांची वाटणी करा. निवृत्तीची रक्कम, ठेवी आणि पेन्शन ज्या खात्यात आहे, त्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचं डेबिट कार्ड बाजारात फिरवू नका. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यात महिन्यापुरतेच पैसे ठेवा. नेट बँकिंगवरून मुदत ठेव मोडता येते का, हे बँकेत विचारा आणि शक्य असेल तर ती सोय बंद करून घ्या. ऑनलाइन खरेदीला डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड बरं, कारण वाद झाला तर अडकलेला पैसा बँकेचा असतो, तुमच्या घरखर्चाचा नसतो.

बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, ते बघा. जुना क्रमांक बंद झाला आणि बँकेत तोच राहिला, तर चोरीचा संदेश भलत्याच माणसाला जातो. एसएमएसबरोबर ईमेलवरही सूचना घ्या. ईमेलच्या खात्याला वेगळा, लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याची किल्ली तिथेच असते. पिन म्हणून जन्मसाल आणि गाडीचा क्रमांक टाळा. आणि बँकेचा क्रमांक व १९३० एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. फोनच चोराच्या ताब्यात गेला, तर फोनमध्ये साठवलेले क्रमांक उपयोगाचे नसतात.

एवढं करूनही उशीर होतो आणि त्याचं कारण बहुतेकदा यंत्रात नसून घरात असतं. पैसे गेल्याचं कळल्यावर अनेक जण तासन्‌तास कोणाला सांगतच नाहीत. निवृत्त शिक्षकाला मुलाची भीती वाटते, सुनेला सासूची, मुलाला वडिलांची. ‘इतकं शिकून फसलास?’ हे ऐकण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असं वाटतं. चोराला हे पुरेपूर माहीत असतं. म्हणून घरात आधीच ठरवून टाका: कोणी येऊन ‘पैसे गेले’ म्हणालं, तर ‘ओटीपी दिलासच कसा?’ हे उद्यासाठी ठेवायचं. त्या क्षणी विचारायचा प्रश्न एकच, ‘१९३० लावलास का?’